सहावी चौकट

॥ श्रीराम ॥
मुलुंड, ता. ४ डिसेंबर १९५५

चि. काशीराम यास आशीर्वाद.

तुझ्या सुगंधाताईच्या बाराव्याला तू येऊन गेलास, त्यानंतर पत्र नाही. अंधेरी काही परमुलूख नव्हे. असो. तू कामाचा माणूस आहेस, टोचून लिहीत नाही.

आज लिहायचं कारण कुंदा. तिला सहावा महिना चालू आहे. मागच्या शनिवारी बोरिवलीहून चार दिवस माहेरी म्हणून आली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. त्याचं असं झालं. संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावून आरती म्हटली. सुगंधाच्या आजारात तिला घंटेचा त्रास व्हायचा म्हणून घंटा कपाटात ठेवली होती, ती अजून बाहेर काढलेली नाही. मी नुसत्या टाळ्यांवर आरती म्हणतो. आरती संपली, मी हात जोडले, तरी खोलीत टाळी वाजली. कुंदा स्टोव्हपाशी होती. तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं आणि त्याचाही आवाज खोलीभर फिरत राहिला. ती उठून शेजारी विमलाबाई नर्सकडे गेली ती जेवायलासुद्धा आली नाही. सकाळी जावयांना बोलावून घेतलं आणि निघाली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

आता तिच्या सासूबाईंचा निरोप आहे. ‘पोर तुमच्या खोलीत दचकते. पोटुशीला दचकून चालायचं नाही. संक्रांतीपर्यंत बघते, नाहीतर बाळंतपण इथेच करू.’ त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण सुगंधाने शेवटच्या आठवड्यात पाटीवर लिहून दिलं होतं, ‘कुंदाचं पहिलं आपल्याच घरी.’ मी मान हलवली होती. ती पाटी मी अजून पुसलेली नाही.

खोली पूर्वी अशी नव्हती. तुला आठवत असेल, ताईच्या गोधड्या, चिंध्यांची बोचकी, दोरीवर लुगडी. पाय ठेवायला जागा नसायची. बाराव्याला मी सगळं देऊन टाकलं. गुरुजी म्हणत होते, शय्यादानाला एक गादी, उशी आणि पांघरूण पुरे. मीच म्हटलं, नाही, तिचं सगळं न्या. आयुष्यभर ती गोधड्या शिवत बसली, जीव त्यांत होता. जीव मागे अडकू नये. तूच सगळं हातगाडीवर चढवून दिलंस. त्यानंतर खोली बोलायला लागली.

तुमच्या स्टुडिओत तुम्ही खोल्यांचा आवाज बसवता असं तू मागे सांगायचास. तसं घरात करता येतं का? कळव.

तुझा,
शरच्चंद्र


अंधेरी, ९ डिसेंबर ५५

ती. भावोजी यांस काशीरामचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि आधी हसलो, माफ करा. भूतबीत काही नाही हो. खोलीची वाट तुम्हीच लावलीत!

नीट सांगतो. आवाज म्हणजे रबरी चेंडू. सिमेंटच्या भिंतीवर मारला की उलटा येतो, समोरच्या भिंतीवर आपटतो, पुन्हा उलटा. तुमच्या खोलीत आहे काय? चार कोऱ्या भिंती, खाली शहाबादी, वर स्लॅब. चेंडू थांबणार कुठे? ताईच्या गोधड्या होत्या तोवर चेंडू त्यांत रुतून बसायचा. तुम्ही त्या दिल्यात, सुटला चेंडू. आमच्याकडे नवा सेट उभा राहिला की हेच रडगाणं. हिरो एक वाक्य बोलतो आणि ऐकू तीन येतात. मग आमची पलटण शिडी घेऊन पळते.

उपाय अगदी साधा. लाकडाच्या चौकटी करायच्या, दोन हात उंच, दीड हात रुंद. त्यात दोन इंच जाडीचा काथ्या पिंजून भरायचा, वर तरट ताणून चुका मारायच्या. भिंतीला चिकटवायच्या नाहीत. मागे चार बोटं जागा सोडून टांगायच्या, म्हणजे जाड आवाजसुद्धा मागच्या फटीत जाऊन मरतो. समोरासमोर लावायच्या नाहीत. या भिंतीवर चौकट असेल तिथे त्या भिंतीवर उघडं, असं आलटून पालटून. सगळी खोली मढवायची नाही हेही सांगून ठेवतो. आमच्याकडे एक खोली पूर्ण मढवलेली आहे. तिच्यात दहा मिनिटं बसलं की माणसाला स्वतःच्या रक्ताचा आवाज यायला लागतो.

गोधडीत गेलेला आवाज जातो कुठे, असं मी एकदा रेकॉर्डिस्टसाहेबांना विचारलं होतं. म्हणाले, मरत नाही, त्याची ऊब होते. इतकी थोडी की हाताला कळत नाही. साहेब बी.एस्सी. आहेत, खरं असेल.

तोवर एक करा. खोलीच्या मधोमध उभे राहा, एकच टाळी वाजवा, कडक. आणि गप्प राहून ऐका. काय ऐकू येतं ते जसंच्या तसं लिहा. डॉक्टर जशी नाडी बघतो तशी आम्ही टाळी बघतो.

कुंदाला म्हणावं, मामा आहे, घाबरू नको.

आपला,
काशीराम


॥ श्रीराम ॥
मुलुंड, ता. १८ डिसेंबर १९५५

चि. काशीराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मी टाळी वाजवली नाही. का ते लिहितो. पहिल्या पत्रात ते लिहायचं टाळलं होतं.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास ताईचा आवाज बसायला लागला एवढं तुला ठाऊक आहे. घशातली गाठ वाढली आणि फाल्गुनात तो पुरता गेला. जात्यावर बसली की तिन्ही आळ्यांत ऐकू जायचं, ती बाई. मग तिने टाळीची रीत काढली. एक टाळी म्हणजे पाणी. दोन म्हणजे इकडे ये. मी बाहेर गॅलरीत असो, नळावर असो, दोन टाळ्या आल्या की ‘आलो’ म्हणून जायचं. कुंदा शेवटचे दोन महिने इथे होती, तिलाही ती सवय. तुला हे माहीत नाही कारण तू नव्हतास. हेही टोचून लिहीत नाही.

म्हणून कुंदा पळाली. आवाजाला नाही भ्याली ती.

आज रविवारी सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून खोलीच्या मध्यावर उभा राहिलो आणि एक टाळी वाजवली. आधी फडफड ऐकू आली. कोंडलेलं कबूतर छपराखाली पंख आपटतं तशी. ती विरली. मग काही नाही. मी मनात ‘श्रीराम’ एवढं म्हटलं असेन, तेवढा वेळ. आणि मग दोन टाळ्या. सुट्या सुट्या. खिडकीच्या भिंतीकडून, जिथे तिची खाट होती.

तू म्हणालास जसंच्या तसं लिही, म्हणून लिहिलं. मी भ्यालो नाही. सवयीने ‘आलो’ म्हणून दोन पावलं टाकली, तेव्हा पायाखाली उघडी फरशी लागली.

आता सांग, ही कसली नाडी?

शरच्चंद्र


अंधेरी, २२ डिसेंबर ५५

ती. भावोजी यांस सा. न.

टाळीचा मजकूर समजला. त्यात विशेष काही नाही. रिकाम्या खोलीत आवाज असा मागाहून सुटा येतो. मनाला लावून घेऊ नका.

मी सहा चौकटी स्वतः बनवल्या आहेत. सोमवारी स्टुडिओचा ट्रक आउटडोअरला ठाण्याकडे जाणार आहे, ड्रायव्हर चंद्रप्रकाश तुमच्या दाराशी उतरवून देईल. त्याला चहा पाजा, बाकी काही देऊ नका, घेणार नाही. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा आहे. एक ते पाच कुठेही लावा, मागच्या पत्रात सांगितलं तसं. सहा नंबरची मात्र खिडकीच्या भिंतीलाच, खाट होती तिथे. ती जरा वजनदार आहे, दोन खिळे मारा.

तरट उसकटून बघू नका. काथ्याचा भुसा घरभर होईल.

मला यायला जमणार नाही. राजवाड्याचा सेट लावायचा आहे, अठरा खांब.

काशीराम


॥ श्रीराम ॥
मुलुंड, ता. ८ जानेवारी १९५६

चि. काशीराम यास आशीर्वाद.

चौकटी पोचल्या. चंद्रप्रकाशने चहाबरोबर कालची भाकरीही खाल्ली आणि तुझ्याविषयी चार चांगले शब्द बोलला. म्हणाला, ‘काशीरामभाई जेवणाच्या सुट्टीत कुणात बसत नाहीत, त्या मढवलेल्या खोलीत एकटेच जाऊन बसतात.’ तब्येत बरी आहे ना?

रोज एक याप्रमाणे पाच चौकटी लावल्या. फरक खरोखरच पडतो. पहिल्या दोन लावल्यावर कबुतराची फडफड अर्धी झाली. पाचवी लावली आणि ती गेलीच. भांडं पडलं तर भांडं पडल्याचाच आवाज येतो, पुढे काही नाही. विमलाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही हळू बोलायला लागलात की काय?’ मी नेहमीसारखाच बोलत होतो.

फक्त स्तोत्र म्हणताना चुकल्यासारखं होतं. पूर्वी आपला आवाज वर चढून परत अंगावर यायचा, वाटायचं कुणीतरी घेतला. आता शब्द तोंडासमोरच गळून पडतात. देवाला ते अंतर काही जास्त नाही, हे कळतं.

सहावी तू सांगितलीस तिथे टांगली. दोन टाळ्या मात्र आहेत तशाच आहेत. रोज आरतीनंतर येतात. संक्रांत आठ दिवसांवर आली. अजून काही करता येण्यासारखं असेल तर कळव.

शरच्चंद्र


अंधेरी, ११ जानेवारी ५६

ती. भावोजी यांस सा. न.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सहावी लावूनही टाळ्या येतात हे वाचल्यापासून हातात हातोडा धरवत नाही. आज अंगठा ठेचून घेतला. आता खरं काय ते सांगतो. रागावलात तर तुमचा अधिकार आहे.

पहिली गोष्ट. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बारा फुटांच्या खोलीतून टाळी सुटी परत येत नाही. येऊच शकत नाही. भिंती जवळ असल्या की सगळे आवाज एकमेकांना चिकटून येतात, तीच तुमची फडफड. सुटी टाळी यायला समोरची भिंत पन्नास-साठ फुटांवर हवी. आणि एकीच्या दोन तर कुठल्याच भिंतीकडून येत नाहीत. वीस वर्षं हेच काम करतोय मी. तुमचं पत्र वाचलं तेव्हाच अंगावर काटा आला होता. कुंदाला माहेरी यायला मिळावं म्हणून दाबून ठेवलं.

दुसरी. श्रावणात तुमचं कार्ड आलं होतं, ‘ताई तुला बोलावते आहे, येऊन जा.’ ते मला मिळालं होतं. बाराव्याला मी तुम्हाला म्हणालो की मिळालं नाही, तेही खोटं. ताईने मला कडेवर वाढवलं. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, मला आईचा आवाज म्हणून ताईचाच आवाज माहीत आहे. तो गेलेला मला बघायचा नव्हता. कार्ड आलं त्या दिवशी आम्ही ती खोली मढवत होतो. दुपारी सगळे जेवायला गेले, मी दार लावून आत बसलो. तिथे बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. चंद्रप्रकाश सांगतो ते खरं आहे. तेव्हापासून रोज तिथेच जातो.

तिसरी तुम्हाला सर्वांत जड जाईल. बाराव्याला हातगाडी मी गुरुजींकडे नेलीच नाही. गादी, उशी आणि नवं पांघरूण तेवढं त्यांच्याकडे पोचतं केलं. ताईच्या गोधड्या मी अंधेरीला आणल्या. साहेबांना जुन्या गोधड्या हव्याच होत्या. आठांपैकी सात त्या खोलीच्या भिंतीत आहेत, मीच ठोकल्यात. आठवी ठेवली होती. सहा नंबरच्या चौकटीत काथ्या नाही, ती आहे. हिरव्या काठाची, मधे माझ्या लहानपणीच्या सदऱ्याचे तुकडे लावलेली.

मला वाटलं होतं, बाकी कशाने नाही तरी तिने तरी ताई शांत होईल. ती लावूनही बोलावत असेल तर भावोजी, ती तुम्हाला बोलावत नाही. तुम्ही तर दर वेळी गेलात. न गेलेला माणूस एकच आहे.

काशीराम


॥ श्रीराम ॥
मुलुंड, ता. १६ जानेवारी १९५६

चि. काशीराम यास आशीर्वाद.

तू तीन गोष्टी कबूल केल्यास. माझी एकच आहे, पण तुझ्या तिन्हींएवढी जड.

सहावी चौकट लावली त्याच संध्याकाळी टाळ्या थांबल्या. आरती झाली, मी थांबलो, काहीही आलं नाही. मी देवापुढे बसून राहिलो. समईतलं तेल संपत आलं तरी उठवेना. दुसऱ्या दिवशी आरतीच्या आधी मी ती चौकट खिळ्यावरून काढली, भिंतीकडे तोंड करून दाराबाहेर ठेवली, आणि आरती म्हटली. आल्या. तेव्हापासून रोज काढतो आणि रोज परत लावतो. तुला लिहिलं की उपयोग होत नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी तुझ्याकडे उपाय मागितला आणि तोच लपवून ठेवला. पन्नाशीला आलेला, रोज पोथी वाचणारा माणूस मी.

संक्रांतीला विहीणबाई आणि जावई येऊन गेले. त्या दिवशी सहावी जागच्या जागी होती. विहीणबाईंनी भिंतीजवळ कान नेला, तबक फरशीवर आपटून बघितलं, मग म्हणाल्या, ‘हे तरटाचं काय काढलंत? दिसायला गोदाम, पण गप्प आहे खरं.’ कुंदा २९ तारखेला येते आहे.

म्हणजे तेरा दिवस आहेत. ती आली की चौकट काढता यायची नाही.

तुझं पत्र वाचून मी तरटाची एक चूक उपटली आणि बोट घालून बघितलं. हिरवा काठ लागला. हात पटकन मागे घेतला. दिलेली शय्या घरात परत आली, आणि तीही बाळंतिणीच्या खोलीत, हे शास्त्राला सोडून आहे असं वाटलं. म्हणून गुरुजींकडे गेलो आणि तुझं नाव न घेता सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, ‘माझ्या दारात जे आलंच नाही ते दान झालं कसं? तुम्ही सोडलंत, मी घेतलं नाही. मधेच राहिलंय ते.’ आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

येताना वाटेत तेच मनात होतं. सप्टेंबरपासून ती मधेच आहे. मी सोडली, कुणी घेतली नाही.

तू म्हणतोस ते बरोबर असावं. मी दर वेळी ‘आलो’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बोलावते. मला इतके दिवस वाटत होतं, मलाच बोलावते. ते सोडायचं जिवावर येतं, काशीराम, पण तू ये. खांब उभे राहतील. रविवारी ये.

शरच्चंद्र


अंधेरी, २३ जानेवारी ५६

ती. भावोजी यांस सा. न.

काल तुम्ही ‘दूध आणतो’ म्हणून पातेली घेऊन बाहेर पडलात. दूध घरात होतं, झाकणाखाली, मी बघितलं होतं. परत आलात तेव्हा मी काही बोललो नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. चहा घेतला आणि निघालो. तोंडाने सांगता आलं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही गेल्यावर मी सहावी खाली उतरवून दाराबाहेर ठेवली. खोलीच्या मधे उभा राहिलो. या हातांनी हजार खोल्यांत टाळी वाजवली असेल, काल हात वर येईनात. शेवटी वाजवली. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच. पाच चौकटींमुळे फडफड नाही. मग गप्प. मग दोन.

मी कारागिरासारखा आधी भिंत बघितली, खिडकी बघितली, बाहेर कुणी आहे का तेही बघितलं. खिडकीखाली कोंबड्या होत्या. मग म्हटलं, ‘ताई, आलो गं.’ आवाज असा आला की मलाच ओळखू येईना. खाटेच्या जागी फरशीवर बसलो. कार्ड मिळालं होतं, हे तिला सांगितलं. त्या खोलीचंही सांगितलं. बाकीचं लिहीत नाही.

मग उठून पुन्हा टाळी वाजवली. नुसती थप झाली आणि संपली. थांबलो. तिसऱ्यांदा वाजवली. काही नाही, भावोजी. चौकट खालीच होती, गोधडी दाराबाहेर होती, भिंत उघडी होती, तरी काही नाही.

मला हलकं वाटायला हवं होतं. रडू आलं ते वेगळ्याच कारणाने. मी आलो, माझं काम झालं, आणि तुमच्या संध्याकाळी मी घेऊन गेलो. हे तुम्हाला कळलं असणार म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत.

आज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांबरोबर बसलो. चंद्रप्रकाश म्हणाला, ‘काय काशीरामभाई, महाराज दरबारात आले!’

काशीराम


॥ श्रीराम ॥
मुलुंड, ता. १७ मार्च १९५६

चि. काशीराम यास आशीर्वाद.

बारसं आटोपून तू चारच्या गाडीने गेलास आणि मी लगेच लिहायला बसलो, कारण काही गोष्टी पाहुण्यांत बोलता आल्या नाहीत.

तुझ्या जानेवारीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्या दिवसांत माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. आरती करायचो, थांबायचो, आणि मग दिवा सारखा करायचो. तू माझ्या संध्याकाळी नेल्यास हे खरं आहे. त्या माझ्या नव्हत्याच, हेही मला पंधरा दिवसांनी पटलं. मग एका सकाळी कपाटातून घंटा काढली आणि चिंचेने घासली.

कुंदा २९ जानेवारीला आली. दारातच थांबली. म्हणाली, ‘बाबा, आरती करा आधी.’ मी केली. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, ‘नाही ना?’ मी म्हटलं, ‘नाही.’ तिने चप्पल काढली, आत आली, आणि सहाव्या चौकटीकडे बघत म्हणाली, ‘मग मला थोडं वाईट का वाटतंय?’ बापाला या प्रश्नाचं उत्तर येत होतं, पण दिलं नाही.

प्रसूती सहा तारखेला सकाळी झाली हे तुला तारेने कळवलं होतं. विमलाबाईंनी सगळं केलं. मी गॅलरीत जप करत होतो. मुलीचं पहिलं रडणं ऐकू आलं. सिमेंटच्या खोलीत कसं घुमलं असतं कोण जाणे. तसं घुमलं नाही. लहान होतं, लहानच ऐकू आलं. विमलाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, ‘इतक्या घरांतून पोरं काढली, पण इतकं मऊ रडणारं नाही बघितलं.’ मी म्हटलं, ‘खोली मऊ आहे, बाई.’ त्यांना काही कळलं नाही. त्या दिवशी मी पाटी पुसली.

आज सकाळी तू येण्याआधी कुंदाला गोधडीचं सगळं सांगितलं. गुरुजींचं ‘मधेच राहिलंय’ हेही सांगितलं. वाटलं होतं घाबरेल. ती म्हणाली, ‘मधे राहिलंय तर कुणीतरी घ्यायला नको का?’ म्हणून पाळण्यात जी गोधडी तू बघितलीस, आणि बघून मागे जाऊन उभा राहिलास, ती तीच. धुऊन, उन्हात घालून घेतली होती. तुझ्या सदऱ्याचा निळा तुकडा मुलीच्या पायाखाली आला होता. बाराव्या दिवशी मी ती घालवली, बाराव्या दिवशी ती घेतली गेली. यात मी काही ठरवलेलं नाही.

विहीणबाईंनी काठ चिमटीत धरून टाका बघितला आणि विचारलं, ‘कुणाच्या हातचा?’ कुंदा म्हणाली, ‘आजीच्या.’ त्यावर त्यांनी काठ सोडला. मुलीच्या अंगावर गोधडी सारखी केली.

तुझे रेकॉर्डिस्टसाहेब म्हणाले होते की आवाजाची ऊब होते. तुम्ही सगळे गेल्यावर मी गोधडीखाली हात घालून बघितला. ऊब होती. मूल होतं तिथे, असणारच. साहेबांची गोष्ट खोटी धरू नकोस, एवढंच.

आता सहावी चौकट रिकामी आहे, नुसतं तरट. काथ्या पाठवू का म्हणून तू निघताना विचारलंस. पाठवू नकोस. राहू दे तशीच.

आणि शेवटचं. हे पत्र मी गॅलरीत बसून लिहितो आहे. दिवेलागणीची वेळ आहे. मघाशी ‘तुझे रेकॉर्डिस्टसाहेब’ एवढं लिहून झालं होतं, तोच आतून एक टाळी आली. हातातला टाक थांबला. एकच होती. मी बसल्या जागेवरून वळून बघितलं. पाळण्यात मूल झोपलेलं, आणि खाटेवर कुंदा. बोलले तर पोर उठेल म्हणून तिने तोंडावर बोट ठेवलं आणि रिकाम्या फुलपात्राकडे दाखवलं. टाळी माझ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मूल हललंसुद्धा नाही.

मी ‘आलो’ म्हटलं आणि पाणी घेऊन गेलो.

तुझा,
शरच्चंद्र